आंगार आणि एस्तवेल: उत्तर फ्रान्समधल्या दोन भारतीय वैमानिकांच्या कबरी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातून लढलेले भारतीय वैमानिक म्हणून चार नावं घेतली जातात: हरदित सिंग मलिक, एरल सेन, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर. मलिक वाचले आणि स्वातंत्र्यानंतर भारताचे राजदूत म्हणून फ्रान्सलाच परत गेले. सेन 1917 मध्ये जर्मनांच्या हाती सापडले, पण तेही जिवंत सुटले. रॉय आणि वेलिंकर 1918 च्या उन्हाळ्यात गेले. दोघांच्या कबरी गावठी स्मशानभूमींत आहेत, पर्यटकांच्या बस थांबतात अशा मोठ्या स्मारकांत नाहीत. या प्रवासाचा कणा म्हणजे त्या दोन कबरी. बाकीचं वाटेत जमलं तसं जोडलेलं.

निघण्याआधी, घरी बसून

कबर सापडणार की नाही, हे निम्मं घरीच ठरतं. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं, पण भारतीय माणूस हमखास चुकतो ती जागा म्हणजे 'भारतीय सैन्य' ही चाळणी (फिल्टर). ती लावली की दोघेही गायब होतात. ते ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये अधिकारी होते, त्यामुळे त्यांची नोंद 'युनायटेड किंगडम'खाली, 'हवाई दल' या शाखेत आहे. रॉयल फ्लाइंग कोअर 1 एप्रिल 1918 ला रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झालं आणि दोघेही त्यानंतर गेले, म्हणून जुन्या दलाच्या नावाने शोधूनही उपयोग नाही.

दुसरी अडचण नावाची. वेलिंकरांच्या नावातलं 'श्री' इंग्रजी कागदांत पहिलं नाव होऊन बसलं आहे, म्हणून 'कृष्ण' घालून शोधलं तर हाती काही लागत नाही. फक्त आडनाव घाला, सोबत 1918 हे वर्ष. जुन्या कागदांत स्पेलिंग बदलत जातं, तेव्हा डब्ल्यू आणि व्ही दोन्ही करून पाहावेत.

नोंद सापडली की तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: स्मशानभूमीचं पूर्ण नाव, अक्षांश-रेखांश आणि कबरीचा क्रमांक. क्रमांकात आधी रोमन आकडा असतो, तो विभाग. मग इंग्रजी अक्षर, ती रांग. शेवटी साधा आकडा, ती कबर. छोट्या जागेत विभाग नसतील तर नुसती रांग आणि आकडा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्याखोऱ्यांतल्या गावांत नेटवर्क जातं.

शुक्रवार: पॅरिस ते आमियाँ

गार द्यू नोर स्थानकावरून आमियाँला प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा ते दीड तास. प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्थानकाच्या आसपास आणि ला शापेल भागात तमिळ, पंजाबी दुकानं भरपूर आहेत. शाकाहारी असाल तर पुढच्या दिवसांचा कोरडा खाऊ इथेच भरून घ्या, पुढे गावागावांत दुकान मिळेलच असं नाही.

आमियाँचं कॅथेड्रल बघायला अर्धा दिवस कमीच. मधल्या भागाचं छत जमिनीपासून 42 मीटरवर आहे, मान दुखेपर्यंत वर बघत राहावं लागतं. 1918 च्या वसंतात जर्मन तोफा शहरापासून 15-20 किलोमीटरवर होत्या आणि तिथली रेल्वे हीच त्यांना हवी होती. उद्या जायचं ते आंगार गाव या लढाईतच बेचिराख झालं.

जेवणात फिसेल पिकार्द सगळीकडे मिळतं: मशरूम, साय आणि चीज भरलेलं धिरड्यासारखं प्रकरण. त्यात हॅम असतंच, नको असेल तर मागवतानाच सांगायचं. फ्लामिश ही लीकची खारी टार्ट त्या मानाने सुरक्षित, पण तीतही डुकराच्या मांसाचे तुकडे टाकणारे आहेत, तेव्हा विचारून घ्या. बदामाचे आमियाँचे माकारों पॅरिसच्या रंगीत माकारोंसारखे नसतात. दिसायला रांगडे, आत मऊ, मधाचा वास असलेले. डब्यात चार दिवस टिकतात. दुपारी दोननंतर जेवण मागू नका, स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

शनिवार: आंगार

सकाळी दाट धुकं. आमियाँहून लाँच्या दिशेने जाणारी गाडी पकडून विलेर-ब्रेतोनोला उतरलं की दक्षिणेला आंगार साधारण सहा किलोमीटर. चालत दीड तास, सायकलने अर्धा. प्रादेशिक गाडीत सायकल नेता येते, पण जागा मोजक्या असतात. टॅक्सी स्थानकाबाहेर उभी नसते, आमियाँहूनच ठरवावी लागते.

वाट सांतेरच्या पठारावरून जाते. सपाट, उघडं, पवनचक्क्यांचं. ऑक्टोबरअखेर बीटची काढणी चालू असते. इथली माती म्हणजे चुनखडीवर बसलेला बारीक गाळ. पाऊस पडला की बुटाला गोळ्यांनी चिकटते आणि ट्रॅक्टरमागे डांबरी रस्ताही निसरडा करते. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. शेताच्या बांधावर गंजलेले तोफगोळे रचून ठेवलेले दिसतात. नांगराला लागले की शेतकरी ते कडेला ठेवतो आणि सरकारी पथक येऊन नेतं. त्यातले काही शंभर वर्षांनंतरही फुटतात, काहींत विषारी वायू आहे. फोटोसाठीसुद्धा हात लावायचा नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, झाडीजवळून जाताना अंगात भडक रंगाचं जाकीट असू द्या.

आंगारच्या नावाच्या दोन युद्ध-स्मशानभूमी आहेत आणि इथेच लोक चकतात. 'आंगार वुड ब्रिटिश सेमेटरी' वेगळी. ती रानाजवळ शेतात आहे आणि कॅनडाच्या जॉन क्रोक या व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्याची कबर तिथे आहे. विलेर-ब्रेतोनोहून चालत येताना तीच आधी लागते. वेलिंकर आहेत ते 'आंगार कम्युनल सेमेटरी एक्स्टेन्शन'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या स्मशानभूमीला लागून वाढवलेल्या भागात. नकाशात नुसतं 'आंगार सेमेटरी' टाकलं तर यातलं कुठलं निघेल सांगता येत नाही. अक्षांश-रेखांश लिहून घ्यायचे ते यासाठी. गावाच्या नावातला पहिला एच फ्रेंच लोक उच्चारत नाहीत, तेव्हा रस्ता विचारताना 'हँगार्ड' म्हणू नका.

आंगार लूस नावाच्या छोट्या नदीकाठी आहे. पॉप्लरची झाडं, दलदल, विटांची घरं. कॅफे नाही, दुकान नाही. 1918 च्या मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांचा सांधा नेमका या गावात होता, आणि सांधा कच्चा म्हणून जर्मन त्यावरच घाव घालत राहिले. 8 ऑगस्टला कॅनडाच्या सैन्याने गाव कायमचं घेतलं आणि त्याच महिन्यात गावच्या स्मशानभूमीला लागून आपले मृत पुरायला सुरुवात केली. तीच ही वाढीव जागा.

मग जूनमध्ये गेलेला वैमानिक ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जागेत कसा? वेलिंकर केंब्रिजचे, 23 स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. या विमानाचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे ओढलेला असे आणि वैमानिकाचं डोकं पंखाच्या चौकटीतून वर निघे. बाहेरचं सुंदर दिसायचं, पण विमान उलटं पडलं तर पहिला मार डोक्यालाच. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलं जात नसे. 27 जूनच्या गस्तीवरून ते परतले नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या ताब्यात गेले आणि 30 जूनला वारले. वय 23. पुरलं जर्मनांनी, आणि पुरताना नाव चुकीचं नोंदलं. त्यामुळे मुंबईत घरच्यांना काही वर्षं पत्ताच नव्हता. युद्धानंतर आसपासच्या छोट्या आणि एकट्यादुकट्या कबरी उकरून मोठ्या जागी एकत्र आणल्या गेल्या. या एक्स्टेन्शनचा बराचसा भाग असाच भरला आहे. साडेपाचशेहून अधिक कबरींत निम्म्याहून जास्त अनोळखी का, तेही यावरून समजतं. चुकीच्या नावाने पुरलेला माणूस नाव मिळून इथे आहे, ही त्यामानाने नशिबाची गोष्ट.

आत गेल्यावर आधी भिंतीतलं छोटं धातूचं दार शोधा, त्यावर क्रॉस कोरलेला असतो. त्यात नोंदवही आणि जागेचा नकाशा असतो. रोमन आकड्यांचे विभाग ओळीने असतीलच असं नाही, वाढ होत गेली तसे ते पडले आहेत. नकाशा न बघता रांगा मोजायला लागलात तर तासभर जाईल. वही नसली तर घरून आणलेला क्रमांक आणि एका टोकापासून सरळ चाल, दुसरा उपाय नाही.

दगड ठरलेल्या मापाचा: 81 सेंटिमीटर उंच, 38 रुंद, साडेसात जाड. फील्ड मार्शल असो की साधा शिपाई, माप तेच. वरती दलाचं चिन्ह, मग हुद्दा, नाव, दल, तारीख, कळली असेल तर वय. अधिकाऱ्याच्या दगडावर सेवा क्रमांक नसतो, शिपायाच्या असतो. लांबून रांग वाचताना ही खूण कामी येते. सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली ओळ. तिला शब्दांमधली मोकळी जागा धरून 66 अक्षरांची मर्यादा होती आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स मागत. कॅनडाने हे पैसे सरकारातून भरले, न्यूझीलंडने तर वैयक्तिक ओळीच नाकारल्या. वेलिंकरांच्या दगडावर ओळ आहे: 'साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्माननीय स्मृतीस' अशा अर्थाची. इंग्रजी मजकूर साठ अक्षरांच्या आत बसतो, म्हणजे मर्यादा सांभाळून बेतलेला. 'साम्राज्य' हा शब्द आज खटकतो. पण बेपत्ता मुलाचा शोध घेत वर्षं काढलेल्या घराला तेव्हा जे लिहावंसं वाटलं ते तिथे आहे, आणि ते वाचताना आपला चष्मा थोडा बाजूला ठेवावा.

फोटोचं थोडं. कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरपा उजेड लागतो. ढगाळ दिवशी बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला तरी चालतं, दगडाला जवळजवळ चिकटवून. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, दाढीचा फेस लावणारे लोक आहेत. चुनखडीचा दगड ते शोषून घेतो आणि डाग राहतो. शेवाळं नखाने खरवडणंही नको. कमिशनचे माळी आणि कारागीर हे काम करतात, दगड फारच झिजला असेल तर क्रमांकासह त्यांना कळवता येतं.

शेजारच्या गावकऱ्यांच्या भागात त्या दिवशी चांगलीच वर्दळ होती. 1 नोव्हेंबर जवळ आला की फ्रान्समध्ये घरोघरचे लोक बादली-ब्रश घेऊन कबरी धुतात आणि शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. पिवळी, जांभळी, पांढरी, डोंगरभर शेवंती. आपल्याकडे सर्वपित्रीला जे घरात चालतं ते इथे उघड्यावर. एका आजींनी आम्ही विचारण्याआधीच नळ कुठे आहे ते दाखवलं आणि पाणी वाहून न्यायची झारी हातात दिली. त्यांच्या लेखी स्मशानात परकी माणसं आली म्हणजे कुणाची तरी कबर धुवायलाच आली. इथे शेवंती हे स्मशानाचं फूल, तेव्हा कुणाच्या घरी जेवायला जाताना ती नेऊ नका. कबरीवर मात्र हमखास योग्य. युरोपातल्या दुसऱ्या फुलांपेक्षा मराठी माणसाच्या कबरीवर शेवंती ठेवणं आम्हांलाही बरं वाटलं. कुंडी दगडासमोर, फुलझाडांच्या वाफ्यावर न ठेवता.

रविवार: बेर्तांगल

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जातं. शनिवारी साडेसहापर्यंत उजेड होता, रविवारी साडेपाचलाच अंधार. शिवाय रविवारी गावांकडे बस जवळजवळ नसते. म्हणून लांबचं काही न ठरवता सायकलने आमियाँच्या उत्तरेला दहा किलोमीटरवरच्या बेर्तांगलला गेलो. मानफ्रेड फोन रिश्टहोफेन, 'लाल बॅरन', 21 एप्रिल 1918 ला पडला आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी याच गावच्या स्मशानभूमीत त्याला लष्करी मानाने पुरलं. आता तो तिथे नाही. आधी फ्रिकूर, मग 1925 मध्ये बर्लिन, 1975 मध्ये वीसबाडेन अशी त्याची हाडं फिरली. बघायला फार काही नाही, वेळ कमी असेल तर सोडा.

सोमवार: एस्तवेल

आमियाँहून अरास, तिथून लाँस. गाडी बदलताना वेळ हाताशी ठेवा. लाँसपासून निसर्गच बदलतो: कोळशाच्या खाणींतून निघालेल्या दगडमातीचे काळे डोंगर, विटांच्या एकसारख्या कामगार वस्त्या. 2012 पासून हा खाणपट्टा जागतिक वारसा यादीत आहे. एस्तवेल लाँसच्या ईशान्येला, पाँ-आ-वांदँ आणि कार्वँच्या मध्ये, द्यूल कालव्याजवळ. पाँ-आ-वांदँला स्थानक आहे, तिथून चालत जाता येतं. सोमवारी इथली बरीच हॉटेलं बंद असतात, बेकरीतून आधीच काही घेऊन ठेवलेलं बरं.

ही खरीखुरी गावची स्मशानभूमी. कमिशनचा स्वतंत्र भाग नाही, पांढऱ्या दगडांच्या रांगा नाहीत, मोठा क्रॉसही नाही. तो साधारण 40 पेक्षा जास्त युद्धकबरी असतील तिथेच उभारतात. युद्धकबरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, काळ्या ग्रॅनाइटच्या कौटुंबिक थडग्यांमध्ये विखुरलेल्या. अशा जागी नोंदवहीची पेटी नसते. फाटकाजवळ हिरव्या पाटीवर 'कॉमनवेल्थच्या युद्धकबरी' असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं. त्यावरून जागा बरोबर आहे एवढं कळतं, कबर शोधायची आपणच. फाटकाची वेळ लिहिलेली असते, ती हिवाळ्यात लवकरची होते. नळ थंडीत गोठू नये म्हणून बंद करतात, फुलांना पाणी लागणार असेल तर बाटली सोबत ठेवा.

इंद्रलाल रॉय, घरचे 'लॅडी' म्हणत, 2 डिसेंबर 1898 चा कोलकात्याचा जन्म, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. 1917 च्या डिसेंबरमध्ये विमान आदळून जबर जखमी झाले, डॉक्टरांनी उडायला अपात्र ठरवलं, तरी झगडून परत आले. 40 स्क्वाड्रनमध्ये एस.ई.5ए विमानावर 6 ते 19 जुलै 1918 या काळात त्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. 22 जुलैला कार्वँच्या आकाशात फोकर विमानांशी झालेल्या झटापटीत ते पडले. वय 19. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मरणोत्तर, सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी हे त्यांचे भाचे.

रॉय यांच्या कबरीवर बंगाली आणि फ्रेंच असे दोन्ही मजकूर आहेत. फ्रेंचमध्ये, ज्या ध्येयावर प्रेम केलं त्यासाठी मरण आलं, अशा अर्थाचं. बंगालीत, ही महावीराची समाधी आहे, मान राखा, स्पर्श करू नका. बंगाली अक्षरं हीच शोधायची खूण: रांगा मोजण्यापेक्षा लॅटिन लिपीपेक्षा वेगळी लिपी दिसते का ते बघत चाला. आणि दगडावरच लिहिलंय तर हात न लावलेलाच बरा. फुलं पायाशी ठेवावीत. वेलिंकरांच्या कबरीपेक्षा इथे भारतीय लोक जास्त येतात. तो दगड दोन लिप्यांत बोलतो, आंगारचा एका मापात बसवलेला आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय हा फरक लक्षात येत नाही, म्हणून जमल्यास एकाच फेरीत दोन्ही करा.

संध्याकाळी लाँसमध्ये बटाट्याचे तळलेले काप आणि 'वेल्श': बिअरमध्ये वितळवलेलं चेडर, खाली पाव. खाली हॅमही असतं, काढायला सांगितलं तर काढतात. एक वाडगा दोघांना पुरतो, एकट्याने संपवायच्या फंदात पडू नका.

मंगळवार: नव शापेल

परतीच्या वाटेवर लील धरायचं असेल तर मध्ये ला बासे स्थानकावर उतरून सहाएक किलोमीटरवर नव शापेलचं भारतीय स्मारक होतं. ला बोंब नावाच्या चौकात, मोठ्या रस्त्याच्या कडेलाच. रस्ता सरळ आणि ट्रकचा, सायकलवाल्यांनी मागचा लाल दिवा दिवसाही लावावा.

ज्यांना कबरच नाही अशा 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची नावं इथल्या गोल भिंतीवर आहेत. हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केला आणि 1927 च्या ऑक्टोबरमध्ये स्मारक खुलं झालं. पंधरा मीटर उंच खांब, त्यावर कमळ, दोन बाजूंना दोन वाघ. नावं पलटणींप्रमाणे लावली आहेत, आडनावांच्या सरसकट क्रमाने नाहीत. म्हणून आधी पलटण माहीत हवी. मराठी माणसाने पाहावा असा भाग '3 सॅपर्स अँड मायनर्स'चा, म्हणजे आपले खडकीचे बॉम्बे सॅपर्स. 28 ऑक्टोबर 1914 ला त्यांच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्यांनी '47 शीख' या पलटणीसोबत याच गावावर चाल केली. ते सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे लोक, त्यांना पायदळासारखं वापरलं आणि कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. नावांचं स्पेलिंग पलटणीच्या कारकुनाने ऐकलं तसं आहे. घरातलं कुणी शोधत असाल तर आडनावावर अडू नका, गाव आणि वडिलांचं नाव कमिशनच्या नोंदीत बरेचदा सापडतं.

चौकापासून जवळच पोर्तुगीज सैनिकांची स्मशानभूमी आहे, दीड हजारांहून जास्त कबरींची. ला बासेहून लीलला जाणाऱ्या गाड्या दुपारी विरळ होतात. स्मारकाला दीड तास, जाण्यायेण्याला सायकलने तास, असा हिशेब धरून सकाळच्याच गाडीने उतरा.